हेलियम विजयदुर्गावर सापडला नाही

ऑगस्टचा दुसरा आठवडा उलटला की कोकणातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा असा असतो: "18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात सर नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर दुर्बीण लावून सूर्यातला हेलियम वायू शोधला. किल्ल्यातले 'साहेबाचे ओटे' आजही त्याची साक्ष देतात. हा हेलियम जळतो म्हणून सूर्य प्रकाश देतो. फुग्यात भरतात तो हेलियमही सूर्याकडूनच आलेला. सूर्यातला हेलियम संपला की सूर्याचा स्फोट होईल आणि त्याचे कृष्णविवर बनेल. अभिमान वाटला तर पुढे पाठवा."

अभिमान वाटण्यासारखे विजयदुर्गावर खरोखरच घडलेले आहे. म्हणूनच या मजकुरातली तारीख, माणूस, जागा आणि विज्ञान एकदा नीट तपासायला हवे. पहिली दोन वाक्ये इतिहासाची आहेत, पुढची ताऱ्यांच्या जन्म-मरणाची. एकेक घेऊ.

दावा पहिला: 18 ऑगस्ट 1868 ला लॉकियर विजयदुर्गावर होता

नव्हता. तो इंग्लंडमध्ये होता.

ग्रहण मात्र खरे. त्या सकाळी खग्रासाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरला आणि जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टणम असा पूर्वेकडे जात बंगालच्या उपसागरात उतरला. विजयदुर्गही त्या पट्ट्यात येत होता. गैरसमजाला पहिला आधार मिळाला तो इथे.

पण निरीक्षक कुठे जाऊन बसले ते पाहा. फ्रान्सचा जाँसेन आणि ब्रिटिश लष्करातला टेनंट गुंटूरला. मद्रास वेधशाळेचा पॉग्सन मछलीपट्टणमला. जॉन हर्शेल जमखंडीला, हेग विजापूरला. सगळे घाटाच्या पलीकडे. कोकणात राहणाऱ्याला याचे कारण सांगावे लागत नाही. ऑगस्टात सकाळी नऊच्या सुमाराला आपल्या किनाऱ्यावर सलग पाच मिनिटे स्वच्छ सूर्य मिळेल, या भरवशावर कोणी जहाजभर काचसामान आणत नाही. नैर्ऋत्य वारे सह्याद्रीला अडतात, वर चढताना पाऊस टाकतात आणि पलीकडे उतरताना कोरडे होत जातात. त्यामुळे जमखंडी-विजापूरकडे उघडीप मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. तिथेही ढगांनी त्रास दिलाच.

लॉकियर त्या वेळी 32 वर्षांचा होता. तो ब्रिटिश युद्धखात्यात कारकून होता आणि खगोलशास्त्र फावल्या वेळात करत होता. मजकुरातला 'सर' हा किताब त्याला 1897 मध्ये मिळाला. म्हणजे 1868 मध्ये जगात कुठेही 'सर नॉर्मन लॉकियर' नावाचा माणूस नव्हता. हा छोटा तपशील पुढे कामाला येणार आहे.

भारतात तो ग्रहणासाठी आला तो डिसेंबर 1871 मध्ये, आणि बसला तोही पश्चिम किनाऱ्यावरच्या एका सागरी किल्ल्यापाशी: उत्तर केरळातल्या बेकलला. किनारा तोच, किल्ला तसाच, माणूस तोच. आठवणींची सरमिसळ व्हायला एवढे पुरे.

दावा दुसरा: हेलियम त्या ग्रहणाच्या दिवशीच सापडला

हे वाक्य कित्येक पाठ्यपुस्तकांतही आढळते, म्हणून इथे थोडे थांबू.

खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याची झगझगीत तबकडी झाकतो. मग कडेवरून उसळलेल्या गुलाबी ज्वाळा दिसतात. 1868 पर्यंत या ज्वाळा कशाच्या आहेत हे कोणाला ठाऊक नव्हते. त्या ग्रहणात निरीक्षकांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे वर्णपटदर्शक रोखला, म्हणजे त्यांचा प्रकाश फटीतून घेऊन प्रिझममधून पसरवला. सलग इंद्रधनुष्याऐवजी सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. ज्वाळा विरळ, तप्त वायूच्या आहेत हे तिथल्या तिथे सिद्ध झाले. लाल आणि निळसर रेषा हायड्रोजनच्या होत्या. एक पिवळी रेषाही अनेकांनी नोंदवली. पण बहुतेकांनी ती सोडियमची मानली, कारण सोडियमच्या पिवळ्या रेषा त्याच जागी येतात.

ही जागा किती जवळची आहे ते आकड्यांत पाहू. सोडियमची जोडी 589.6 आणि 589.0 नॅनोमीटरवर असते. हिला डी-1, डी-2 म्हणतात. हेलियमची पिवळी रेषा 587.6 वर. अंतर जेमतेम 1.4 नॅनोमीटर. लाल टोकापासून जांभळ्या टोकापर्यंतचा सगळा दृश्य पट सुमारे 300 नॅनोमीटरचा धरला, तर हे अंतर त्याच्या अर्धा टक्काही भरत नाही. पाच-सहा मिनिटांत अंधार संपणार, हात थरथरताहेत, डोळा काळोखाला सरावलेला नाही, आणि तुलनेसाठी शेजारी सोडियमची ज्योत ठेवलेली नाही. अशा वेळी पिवळी रेषा दिसली की ती सोडियमची, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पॉग्सनला ती नेमकी सोडियमच्या जागी बसत नसल्याची शंका आली होती. पण शंका नोंदवणे आणि नवे मूलद्रव्य ओळखणे यांत बरेच अंतर आहे.

हा घोटाळा शाळेत करून पाहता येतो, आणि कोकणातल्या प्रत्येक शाळेने तो करावा असे आम्हाला मनापासून वाटते. 25 सेंटिमीटर लांबीचे पुठ्ठ्याचे खोके घ्या, आतून काळा कागद लावा. एका टोकाला दाढीच्या पात्याचे दोन अर्धे समोरासमोर चिकटवून उभी फट करा. जुन्या सीडीचा चंदेरी थर चिकटपट्टीने ओढून काढा आणि पारदर्शक झालेल्या चकतीचा तुकडा दुसऱ्या टोकाला बसवा. तुकडा चकतीच्या बाहेरच्या कडेचा हवा, कारण तिथे खाचा जास्त सरळ असतात. खाचा फटीला समांतर आल्या पाहिजेत. पिवळा रंग सरळ रेषेपासून साधारण 22 अंश बाजूला दिसतो, म्हणून डोळा त्या बाजूला तिरपा करायचा.

बहुतेकांचे चुकते ते फटीत. फट 1 मिलीमीटर ठेवली तर प्रत्येक रेषा सहा नॅनोमीटर रुंद पट्ट्यासारखी दिसते आणि सोडियम-हेलियम एकमेकांत मिसळून जातात. फट 0.1 मिलीमीटरवर आणली की रुंदी 0.6 नॅनोमीटरच्या आसपास येते आणि दोन्ही वेगळ्या ओळखता येतात. एवढी बारीक फट मोजायची कशी? साधा कागद अंदाजे 0.1 मिलीमीटर जाडीचा असतो. तो दोन पात्यांच्या मध्ये धरा, पाती चिकटवा, मग कागद ओढून घ्या. आता गॅसच्या निळ्या ज्योतीत ओल्या चमच्यावरची मिठाची चिमूट धरली की सोडियम दिसेल. प्रयोगशाळेत हेलियमची विद्युतनळी असेल तर तिची पिवळी रेषा त्याच खोक्यातून पाहा. ती किंचित हिरव्या बाजूला सरकलेली दिसेल. हे खोके सूर्यावर थेट कधीही रोखू नका, डोळा कायमचा जाईल. सूर्यप्रकाश पाहायचा तर पांढऱ्या कागदावर पडलेला पाहा.

आणि तसा पाहिला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते: त्यात हेलियमची रेषा सापडतच नाही. सोडियमची काळी रेषा मिळते (वरच्या वायूने तेवढा प्रकाश शोषल्याची खूण), हेलियमची नाही. 1814 मध्ये फ्राउनहोफरने सूर्याच्या वर्णपटात पाचशेहून जास्त काळ्या रेषा मोजल्या, त्यांतही हेलियम सापडला नाही. सूर्याच्या वस्तुमानाचा जवळजवळ चौथा हिस्सा हेलियम, आणि तरी तो गैरहजर. कारण त्याच्या इलेक्ट्रॉनला या पिवळ्या रेषेच्या पहिल्या पायरीवर चढवायलाच सुमारे 21 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातले ऊर्जेचे एकक) लागतात. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा. तिथे एवढी ऊर्जा मिळत नाही. पृष्ठभागावरच्या पातळ, जास्त तप्त वर्णगोलात आणि कडेच्या ज्वाळांत ती मिळते. म्हणूनच हेलियमसाठी सूर्याच्या कडेकडेच पाहावे लागले. नुसती मोठी दुर्बीण असून भागले नसते.

आता लॉकियरकडे वळू. ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहता येतील, हे त्याचे म्हणणे दोन वर्षांपासूनचे होते. त्यामागची युक्ती साधी. ज्वाळा दिवसा दिसत नाहीत त्या आकाशात विखुरलेल्या सूर्यप्रकाशाच्या झगमगाटामुळे. हा विखुरलेला प्रकाश सगळ्या रंगांचा असतो. ज्वाळेचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांत एकवटलेला. दोन्ही एकाच वर्णपटदर्शकातून खूप पसरवले तर आकाशाचा प्रकाश मूठभर गुलाल अंगणभर उधळल्यासारखा फिका पडत जातो. रेषा कपाळावरच्या टिळ्यासारखी जिथल्या तिथे ठळक राहते. त्यासाठी बरेच प्रिझम एकापुढे एक लावलेले उपकरण हवे होते. कारागिराकडून ते उशिरा आले, 16 ऑक्टोबर 1868 ला. चार दिवसांनी, 20 ऑक्टोबरला, लॉकियरने लंडनमधल्या आपल्या घरच्या दुर्बिणीला ते लावले, फट सूर्याच्या कडेवर आणली आणि ज्वाळेच्या रेषा पाहिल्या. आकाशात ग्रहण नव्हते, घाई नव्हती, हवा तितका वेळ होता. म्हणूनच पिवळ्या रेषेची जागा मोजता आली. ती सोडियमच्या दोन्ही रेषांपासून वेगळी निघाली. तिला डी-3 नाव पडले.

जाँसेनलाही हीच युक्ती गुंटूरला सुचली होती. ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी, 19 ऑगस्टला, त्याने भर उन्हात ज्वाळा पाहिल्या. त्याचे पत्र आणि लॉकियरची बातमी पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली. पुढे फ्रान्सने दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले. पण ते पदक ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहण्याच्या पद्धतीसाठी होते, हेलियमसाठी नव्हे. लोकांनी पुढे ते हेलियमला जोडले, आणि 'जाँसेन व लॉकियर यांनी 18 ऑगस्टला हेलियम शोधला' हे वाक्य रूढ झाले.

डी-3 रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थात मिळेना, म्हणून लॉकियरने ती नव्या मूलद्रव्याची मानली आणि ग्रीक सूर्यदेव हेलिऑसवरून नाव दिले. रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास बसला नाही. एका रेषेवरून मूलद्रव्य मानायचे म्हणजे पायाचा ठसा पाहून माणसाची जन्मतारीख सांगण्यासारखे त्यांना वाटले. निकाल लागला मार्च 1895 मध्ये. विल्यम रॅम्से लंडनमध्ये युरेनियमयुक्त खनिजावर आम्ल टाकून निघालेला वायू तपासत होता. त्याला त्यात अरगॉन अपेक्षित होता, आणि दिसली ती पिवळी रेषा. 27 वर्षांनी सूर्यातले मूलद्रव्य बाटलीत आले.

तेव्हा 18 ऑगस्ट ही तारीख पूर्णपणे निराधार नाही. त्या दिवशी हेलियमची रेषा माणसांच्या डोळ्यांत शिरली. पण ती ओळखली गेली नाही, आणि ज्याने ओळखली तो त्या दिवशी भारतात नव्हता.

दावा तिसरा: साहेबाचे ओटे साक्ष देतात

ओटे साक्ष देतात, पण दुसऱ्या ग्रहणाची.

22 जानेवारी 1898 ला पुन्हा खग्रास पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरला. या वेळी लॉकियर खरोखरच विजयदुर्गाला आला, आणि आता तो खरोखरच 'सर' होता. ब्रिटिश आरमाराची 'मेलपोमेनी' ही युद्धनौका त्याच्या मदतीला होती. नौकेवरच्या खलाशांना उपकरणे चालवायला शिकवले होते: कोणी छायाचित्राची काचेची प्लेट बदलायची, कोणी वेळ मोठ्याने मोजायचा, कोणी प्रभामंडलाचे, म्हणजे खग्रासात सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचे, चित्र काढायचे. ब्रिटिश कागदपत्रांत जागेचे नाव 'विझियाद्रुग' असे येते, म्हणून आपल्याकडच्या शोधणाऱ्यांना ते पटकन सापडत नाही.

जागेची निवड किती विचारपूर्वक होती पाहा. जानेवारी असल्यामुळे आकाश कोरडे. वाघोटन खाडीच्या मुखाशी मोठे जहाज आश्रयाला उभे राहू शकते, त्यामुळे जड पेट्या बैलगाडीने घाट चढवायला नकोत. तटाच्या आत वारा अडतो. आणि खाली जांभ्याचा पक्का आधार, ज्यावर बांधलेले ओटे हलत नाहीत. दोन मिनिटांच्या खग्रासात उपकरण केसभर हलले तरी प्लेट वाया जाते.

त्या मोहिमेत मुख्य काम प्रिझ्मॅटिक कॅमेऱ्यांचे होते. भिंगापुढे प्रिझम बसवलेल्या या कॅमेऱ्याला फट लागत नाही. चंद्राने तबकडी झाकली की सूर्याच्या कडेचा वर्णगोल बारीक चंद्रकोरीसारखा उरतो आणि ती कोरच फटीचे काम करते. प्लेटवर प्रत्येक मूलद्रव्याची वेगवेगळी कोर उमटते. कोर जितकी लांब, तितका तो वायू सूर्याच्या कडेवर जास्त उंचीपर्यंत पसरलेला. तीस वर्षांपूर्वी डोळ्यांनी घाईत पाहिलेले आता काचेवर कायमचे नोंदवले जाणार होते आणि नंतर निवांत मोजता येणार होते. विजयदुर्गाच्या निरीक्षणांचा सविस्तर अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला.

ओटे 1868 चे असल्याचे सांगितले जाते. पण एवढी जड उपकरणे घेऊन मोहीम या किल्ल्यावर उतरल्याची लेखी नोंद 1898 ची आहे, आणि 'साहेब' हा शब्दही त्याच वर्षाला चपखल बसतो. 1868 आणि 1898 मध्ये एका आकड्याचा फरक. दोन्ही ग्रहणे खग्रास, दोन्ही कोकणावरून गेलेली, दोन्हींच्या गोष्टीत लॉकियर. गल्लत झाली यात गावकऱ्यांचा दोष नाही. दोष आहे तो पडताळा न घेता पुढे ढकलणाऱ्यांचा.

त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली तुकडी घेऊन जेऊरला गेले होते. त्यांनी आपल्या निरीक्षणांचा स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. आपल्याला अभिमानासाठी नाव हवे असेल तर ते हे आहे. पण ते त्या मजकुरात कधीच नसते, हे खटकते.

दावा चौथा: हेलियम जळतो म्हणून सूर्य प्रकाश देतो

इथे गोष्ट पार उलटी झाली आहे. सूर्यात आज हेलियम ही राख आहे. लाकूड म्हणायचे तर ते हायड्रोजन.

'जळणे' हा शब्दही जपून वापरायचा. चुलीतले जळणे म्हणजे ऑक्सिजनशी संयोग. सूर्य कोळशाचा असता आणि त्याला हवा तेवढा ऑक्सिजन मिळाला असता, तरी आजच्या तेजाने तो काही हजार वर्षांत संपला असता. तो 460 कोटी वर्षे तेवत आहे. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान आहे आणि दाब प्रचंड. तिथे हायड्रोजनचे चार अणुगर्भ टप्प्याटप्प्याने जोडले जाऊन हेलियमचा एक बनतो. या एकाचे वजन त्या चारांच्या बेरजेपेक्षा 0.7 टक्का कमी भरते. तेवढे वस्तुमान ऊर्जा होऊन बाहेर पडते. दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनाचा हेलियम होतो आणि त्यातले 40 लाख टनांहून थोडे जास्त वस्तुमान ऊर्जेत जाते.

मग हा सगळा एकदम का पेटत नाही? कारण पहिली पायरी फार अवघड आहे. दोन प्रोटॉन एकमेकांना ढकलतात. ते जवळ आले तरी त्यांतल्या एकाचे त्याच क्षणी न्यूट्रॉनमध्ये रूपांतर व्हावे लागते, आणि हे क्वचितच घडते. गाभ्यातल्या एखाद्या प्रोटॉनला यासाठी सरासरी काही अब्ज वर्षे वाट पाहावी लागते. सूर्याचे दीर्घायुष्य या अडलेल्या पायरीमुळे आहे.

राख गाभ्यातच साठते. सूर्य जन्मला तेव्हा गाभ्यात साधारण 28 टक्के हेलियम होता, आज मध्यभागी तो 60 टक्क्यांच्या वर गेला आहे. चार कणांचा एक झाल्याने दाब पेलायला कण कमी पडतात, गाभा आवळतो, तापतो आणि संमीलनाचा, म्हणजे अणुगर्भ जुळण्याचा, वेग वाढतो. त्यामुळे सूर्य दर अब्ज वर्षांत सुमारे 10 टक्क्यांनी जास्त प्रखर होत जातो. अरबी समुद्राच्या दृष्टीने संकट हे आहे. सूर्य तांबडा व्हायच्या कितीतरी आधी, आजपासून अब्जभर वर्षांत, पृथ्वीवरचे समुद्र टिकणे कठीण होईल.

दावा पाचवा: फुग्यातला हेलियम सूर्याकडून आला

नाही. तो जमिनीखालचा आहे. युरेनियम आणि थोरियम यांच्या किरणोत्सारातून बाहेर पडणारा अल्फा कण म्हणजेच हेलियमचा अणुगर्भ. असे कण कोट्यवधी वर्षे खडकांत साठतात आणि नैसर्गिक वायूच्या विहिरींतून वर येतात. रॅम्सेला हेलियम युरेनियमच्या खनिजात मिळाला त्याचे कारणही हेच. हवेत तो दहा लाखांत पाच भाग एवढाच उरतो, कारण हलका असल्याने अवकाशात निसटतो. विश्वातला बहुतेक हेलियमही ताऱ्यांनी बनवलेला नाही. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत तो तयार झाला. ताऱ्यांनी त्यात थोडीच भर घातली.

दावा सहावा: हेलियम संपला की सूर्याचा स्फोट आणि कृष्णविवर

सूर्याचा स्फोट होणार नाही आणि कृष्णविवरही होणार नाही. ताऱ्याचा शेवट ठरतो तो त्याच्या जन्मवजनावरून. सूर्याच्या साधारण आठपटींहून जड तारेच सुपरनोव्हा होऊन फुटतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा न्यूट्रॉन तारा होतो. कृष्णविवरासाठी बहुधा वीस-पंचवीस सूर्यांएवढे वजन लागते.

सूर्याचे पुढे काय होईल ते हेलियमच्याच वाटेने सांगता येते. सुमारे 500 कोटी वर्षांनी गाभ्यातला हायड्रोजन संपेल. शुद्ध हेलियमचा गाभा आकसेल, पण लगेच पेटणार नाही, कारण हेलियम जुळायला दहा कोटी अंश लागतात. गाभ्याभोवतीच्या कवचात हायड्रोजन जोरात जुळत राहील, बाहेरचे थर फुगतील आणि थंड होऊन तांबूस दिसतील. हा तांबडा राक्षसी तारा. वजन वाढत गेलेला हेलियमचा गाभा शेवटी दहा कोटी अंशांना पोचेल आणि हेलियम पेटेल.

ही जोडणी विलक्षण आहे. दोन हेलियम जुळून बेरिलियम-8 होते, पण ते सेकंदाच्या एक कोटी-अब्जांशाहूनही कमी काळ टिकते. तेवढ्यात तिसरा हेलियम येऊन धडकला तरच कार्बन. कार्बनच्या अणुगर्भात नेमक्या जागी ऊर्जेची एक पातळी असल्याशिवाय ही धडक फळणार नाही, असे फ्रेड हॉइलने 1953 च्या सुमारास गणिताने सांगितले. ती पातळी 7.65 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टवर प्रयोगात सापडली. काही कार्बनला आणखी एक हेलियम जुळून ऑक्सिजन होतो. खाडीतल्या शिंपल्यांत असलेला कार्बन आणि ऑक्सिजन जुन्या ताऱ्यांच्या हेलियममधूनच आला आहे. जांभ्याला तांबडा करणारे लोह मात्र सूर्यासारखा तारा कधीच बनवू शकत नाही. ते फुटणाऱ्या ताऱ्यांकडून येते.

सूर्यात हेलियमचे हे पर्व जेमतेम दहा कोटी वर्षांचे. त्यानंतर कार्बन-ऑक्सिजनचा गाभा उरेल. तो पेटवण्याएवढे वजन सूर्याकडे नाही. बाहेरचे थर हळूहळू वाहून जातील, आणि मध्ये सूर्याच्या निम्म्या वजनाचा, पृथ्वीएवढ्या आकाराचा श्वेत बटू राहील. त्याचे चमचाभर द्रव्य काही टन भरेल. त्यात काही जळत नसते. साठलेली उष्णता बाहेर टाकत तो अब्जावधी वर्षे थंड होत जाईल.

श्वेत बटू किती जड असू शकतो याची मर्यादाही आपल्या समुद्राशी जोडलेली आहे. 1930 च्या पावसाळ्यात 19 वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबई बंदरातून जहाजाने युरोपला निघाले आणि प्रवासात त्यांनी हे गणित सुरू केले. ती मर्यादा सूर्याच्या 1.4 पट ठरली. सूर्याचा उरणारा गाभा तिच्या निम्म्याहूनही हलका असणार आहे, त्यामुळे तो कोसळून कृष्णविवर होण्याचा प्रश्नच येत नाही.

मजकुरातला स्फोट ज्या ताऱ्याला लागू पडतो तो मृगातला काक्षी (बेटेलग्यूज). तो सूर्याच्या पंधरा-वीसपट जड आहे आणि आपल्यापासून पाचशे ते सातशे प्रकाशवर्षांवर. 2019-20 च्या हिवाळ्यात तो मंदावला तेव्हा 'आता फुटणार' अशी आवई उठली. ती त्याने बाहेर फेकलेल्या वायूतून बनलेल्या धुळीची करामत होती. त्याच्या गाभ्यात अजून हेलियमच जुळत आहे. फुटायला त्याला एक लाख वर्षे सहज लागू शकतात. हेलियम संपल्यावर मात्र घाई होते. 25 सूर्यांएवढ्या ताऱ्यात हायड्रोजन 70 लाख वर्षे पुरतो, हेलियम 7 लाख, कार्बन 600 वर्षे, निऑन एक वर्ष, ऑक्सिजन सहा महिने आणि सिलिकॉन एक दिवस. त्या एका दिवसाच्या शेवटी लोहाचा गाभा सेकंदाच्या आत कोसळतो.

हे टप्पे आकाशात एकाच रात्री पाहता येतात, आणि 1898 च्या ग्रहणाची तारीख त्यासाठी उत्तम आहे. 22 जानेवारीला रात्री नऊच्या सुमारास विजयदुर्गाच्या तटावर उभे राहा. उत्तरेला उंचावर ब्रह्महृदय दिसेल. तो एक तारा नसून दोन राक्षसी ताऱ्यांची जोडी आहे आणि त्यांतल्या जड ताऱ्याच्या गाभ्यात हेलियम जुळत आहे. पूर्वेला वर आलेल्या मृगात तांबूस काक्षी. आग्नेयेला व्याध, त्याचा जोडीदार श्वेत बटू आहे, पण तो साध्या डोळ्यांना दिसत नाही, व्याधाच्या झगमगाटात मोठ्या दुर्बिणीलाही दमवतो. आणि मान पूर्ण मागे टाकली की रोहिणी. विजयदुर्गाचे अक्षांश 16 अंश 33 कला, रोहिणीची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचे अंतर) 16 अंश 31 कला, म्हणून ती डोळ्याला फरक कळणार नाही इतकी नेमकी डोक्यावरून जाते. ती 65 प्रकाशवर्षांवर आहे, सूर्याच्या चाळीसपटींहून जास्त रुंद आहे, आणि तिच्या मध्यभागी हेलियमचा गाभा अजून पेटायची वाट पाहत आहे.